गुप्तविद्या : एका शब्दाची गिरगावातली गोष्ट

काही शब्द असे असतात की ते नुसते कानावर पडले तरी एक ठराविक चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं. 'गुप्तविद्या' हा त्यातलाच एक. अमावास्येची रात्र, लिंबं, टाचण्या, कवटी, लालभडक डोळ्यांचा कुणीतरी बाबा आणि मागे हिंदी सिरियलमधलं ढॅण ढॅण म्युझिक. पुस्तकांच्या दुकानात या नावाचा कप्पा असतो, तिथे हस्तसामुद्रिक, संमोहन, स्वप्नांचे अर्थ आणि 'घरबसल्या वशीकरण' ही सगळी मंडळी एकमेकांना खेटून गुण्यागोविंदाने नांदत असतात. आपण तिथून जाताना उगाचच आजूबाजूला बघतो, कुणी ओळखीचं नाही ना!

पण हा शब्द जरा उलगडून बघितला तर मजा येते. माझं पोट कोडवर चालतं, व्युत्पत्तीवर नाही. तरी एखादं जुनं फंक्शन उघडून 'हे मुळात कशासाठी लिहिलं होतं बुवा?' असं बघायची जी खोड असते ना, तीच शब्दांच्या बाबतीतही लागते.

तर 'गुप्तविद्या' मध्ये दोन तुकडे. 'विद्या' सोपा. विद् म्हणजे जाणणे. वेद, विद्वान, विद्यार्थी सगळे तिथलेच. हाच धातू युरोपातल्या भाषांमध्येही आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'बघणे' झाला आणि त्यातून 'व्हिडिओ' हा शब्द आला. म्हणजे विद्या आणि व्हिडिओ ही लांबची का होईना, चुलतभावंडं. पुढच्या वेळी कुणी यूट्यूबवरून काही शिकला म्हणून नाक मुरडलंत तर हे लक्षात ठेवा.

खरी गंमत 'गुप्त' मध्ये आहे. आपल्याला वाटतं गुप्त म्हणजे लपवलेलं. पण पाणिनीय धातुपाठात गुप् या धातूचा अर्थ दिलाय तो 'रक्षण'. लपवणं नाही, राखणं. भाषाशास्त्रज्ञ याच्याही मागे जातात. त्यांच्या मते हा धातू मुळात स्वतंत्र नव्हताच. आधी शब्द होता 'गोपा'. गो म्हणजे गाय, पा म्हणजे राखणे. गाई राखणारा तो गोपा. ऋग्वेदात हा शब्द नुसत्या गुराख्यासाठी नाही, तर देवांसाठीही 'राखणदार' म्हणून येतो. त्या गोपापासून 'गोपाय' म्हणजे 'राखणदारी करणे' असं क्रियापद झालं आणि पुढे लोक विसरले की यात गाय होती. उरला नुसता 'गुप्'. थोडक्यात, आपल्या 'टॉप सीक्रेट'च्या मुळाशी एक गुराखी काठी घेऊन उभा आहे!

एकदा हे कळलं की बाकीचे तुकडे पटापट जुळतात. चंद्रगुप्त म्हणजे चंद्राआड लपलेला नव्हे, चंद्राने रक्षिलेला. विष्णुपुराणात वर्णांनुसार नावं कशी ठेवावीत ते सांगितलंय, त्यात वैश्याच्या नावापुढे 'गुप्त' लावा असं आहे. ऑफिसातल्या 'गुप्ताजीं'चं आडनाव इथलं. जैन परंपरेत 'गुप्ति' तीन : मनाची, वाचेची, कायेची. तिथेही अर्थ सांभाळणं, आवरणं असाच. आणि सगळ्यात अनपेक्षित नातेवाईक म्हणजे 'जुगुप्सा'. तोही गुप् पासूनच. एखाद्या गोष्टीपासून स्वतःला जपायची इच्छा, म्हणजेच किळस.

मग लपवण्यासाठी संस्कृतात शब्दच नव्हता का? होता की. गुह्. त्याचा अर्थ झाकणे. त्यातून गुहा, गुह्य, गूढ. गुह्य म्हणजे गुहेत ठेवल्यासारखं, दिसू न देण्याजोगं. म्हणजे दोन धातू, दोन कामं. गुप् राखतो, गुह् झाकतो.

पुढे हे दोघे हळूहळू एकमेकांत मिसळले. साहजिक आहे म्हणा. जी वस्तू जपायची ती आपण चारचौघांत मांडून ठेवत नाही. आजी दागिने राखायची म्हणजे गव्हाच्या डब्यात झाकायची. संस्कृतातच गुप्तचा अर्थ 'लपवलेलं' असा झाला होता आणि मराठीपर्यंत येईतो दुसरा अर्थच उरला नाही. गुपित, गुपचूप, गुप्तहेर, गुप्तधन. एका शब्दात मात्र दोन्ही अर्थ अजून शेजारी शेजारी आहेत. गुप्ती. काठीत झाकलेली असते आणि राखण करायला असते.

हे सगळं शब्दकोशात बसून चघळण्यापुरतं राहिलं असतं. पण राखणं आणि झाकणं यातला फरक प्रत्यक्षात किती महागात पडतो हे बघायचं असेल तर काशीला जायला नको. चर्नी रोडला उतरून पायी फिरलं तरी पुरे. एकोणिसाव्या शतकातल्या पन्नास वर्षांत गिरगाव आणि आसपासच्या मुंबईत हा शब्द तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी जगून बघितला.

पहिली तऱ्हा : जीव वाचवायला झाकणं

१८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्यामागे दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. हेच ते मराठी व्याकरणवाले दादोबा. १८३६ साली त्यांचं व्याकरण आलं आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्यांच्या नावाने बोटं मोडत नामं-सर्वनामं घोकली. सभेचे अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर.

सभेचं म्हणणं साधं. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा मानायची नाही. पण १८४९ मध्ये हे चौकात उभं राहून बोलणं म्हणजे वाळीत पडणं. घरचं पाणी बंद, मुलांची लग्नं बंद, बापाच्या तिरडीला खांदा द्यायलाही कुणी नाही. म्हणून सभा गुप्त. नवीन सभासदाने काय करायचं, तर ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. आज आपण वडापाव खाताना हे जरा आठवून बघावं. त्या काळी त्या एका पावाच्या तुकड्याने माणूस जातीबाहेर जात असे.

इथे 'गुप्त' चा जुना अर्थ जिवंत होता. विचार झाकायचा होता तो स्वतःची शेखी मिरवायला नाही, माणसांना राखायला. पण एक घोळ होता. सगळी राखणदारी एकाच गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे सभासदांची नावं बाहेर न फुटणं. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली, नावं बाहेर फुटली आणि सभा संपली. कुणी वादात हरवलं नाही, कुणी कायदा केला नाही. एक दप्तर गेलं आणि अकरा वर्षांचं काम विरघळून गेलं.

खुद्द दादोबांचं 'धर्मविवेचन' हे पुस्तक १८६८ मध्ये छापलं गेलं तेव्हाही त्यावर त्यांचं नाव नव्हतं. लेखकाच्या जागी होतं 'एक जगद्वासी आर्य'. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८६७ मध्ये, त्यांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला. विचार बरेचसे तेच, फक्त यावेळी उघड. त्यांचं मंदिर गिरगावात आहे आणि बेस्टच्या स्टॉपपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे त्या नाक्याला 'प्रार्थना समाज' म्हणतात. झाकलेली सभा अकरा वर्षांत गेली, उघडी राहिलेली सभा पत्ता होऊन बसली.

दुसरी तऱ्हा : झाकलंय हेच आकर्षण

आता बारा वर्षं पुढे या. १६ फेब्रुवारी १८७९. लिव्हरपूलहून निघालेली 'स्पीक हॉल' ही आगबोट मुंबईला लागली आणि तिच्यातून एक जाडजूड, अखंड सिगारेट ओढणारी रशियन बाई आणि एक लांब दाढीवाला अमेरिकन कर्नल उतरले. हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि हेन्री ऑल्कट.

या दोघांनी आणि त्यांच्या मित्रांनी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी काढली होती. या नावाची कथा ऑल्कटने आपल्या आठवणींमध्ये दिलीय. सोसायटीला नाव काय द्यावं यावर डोकेफोड चालली होती. इजिप्तवरून ठेवू, हर्मिसवरून ठेवू, काहीच पटेना. शेवटी डिक्शनरी चाळता चाळता कुणालातरी 'थिऑसॉफी' हा शब्द सापडला. ग्रीकमध्ये थिऑस म्हणजे देव, सोफिया म्हणजे शहाणपण. झालं, ठरलं! जगाचं अंतिम रहस्य सांगणाऱ्या संस्थेचं नाव असं पानं उलटता उलटता मिळालं. आम्ही प्रोजेक्टला नावं ठेवतो तसंच, काही फरक नाही.

मुंबईलाच का आले? कारण त्याच १८७५ साली, एप्रिलमध्ये, स्वामी दयानंदांनी गिरगावात आर्य समाज स्थापला होता. पत्रव्यवहारावरून दोघांना वाटलं की आपलं म्हणणं एकच. १८७८ मध्ये तर त्यांनी संस्था जोडूनही टाकल्या. मुंबई आर्य समाजाचे अध्यक्ष हरिश्चंद्र चिंतामण यांनी पाहुण्यांची राहायची सोय गिरगाव बॅक रोडवर केली. आज तो विठ्ठलभाई पटेल रोड. थोड्याच दिवसांत, ऑल्कट लिहितो, यजमानांनी बिल हातात ठेवलं. घरभाडं, जेवण, दुरुस्ती, स्वागतसमारंभाला आणलेल्या ३०० खुर्च्यांचं भाडं आणि वर 'लवकर या' म्हणून जी तार केली होती तिचाही खर्च! ऑल्कटने शब्द जपून वापरलेत, पण माणूस हादरला होता हे कळतं. गुप्तविद्येच्या शोधात आलेल्यांना गिरगावाने पहिला धडा हिशेबाचा दिला.

पुढे ते त्याच रस्त्यावर दुसरीकडे, १०८ नंबरला राहायला गेले. मार्चमध्ये धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये ऑल्कटचं पहिलं जाहीर भाषण झालं. ऑक्टोबर १८७९ मध्ये 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक सुरू झालं आणि त्याच्या पहिल्याच अंकात दयानंदांचं आत्मचरित्र यायला लागलं. ते मासिक आजही निघतं. म्हणजे जगभर पसरलेल्या या चळवळीचं मुखपत्र आपल्या व्ही. पी. रोडच्या गल्लीतून निघालं, हे तिथे भाजी घेणाऱ्यालाही माहीत नसतं.

गंमत म्हणजे ही मंडळी गुप्तविद्या शोधत होती आणि सरकारचे गुप्तहेर यांच्या मागे होते. बाई रशियन, आणि त्या वेळी अफगाणिस्तानवरून इंग्रज-रशियाचं वाजलेलं. त्यामुळे उत्तर हिंदुस्थानात फिरायला गेले तर पोलीस पाठोपाठ. म्हणजे 'गुप्त' हा शब्द दोन्ही बाजूंनी कामाला लागला होता.

आता मुद्द्यावर येऊ. ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या डोक्यात शब्द होता 'ऑकल्ट'. लॅटिनमधला. अर्थ झाकलेलं. दुसरा शब्द 'एसोटेरिक', ग्रीक, अर्थ आतल्या वर्तुळातलं. त्यांना या दोन्हींसाठी संस्कृत शब्द हवा होता आणि त्यांनी 'गुप्तविद्या' वापरला. १८८८ च्या त्यांच्या 'सीक्रेट डॉक्ट्रिन' या ग्रंथात तो आहे. त्यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये निघालेल्या शब्दसंग्रहात तर सरळ सांगितलंय की गुप्तविद्या आणि गुह्यविद्या एकच. दोन धातूंमधली उरलीसुरली भिंतही पाडली. राखणारा गुप् आणि झाकणारा गुह् यांचं कायमचं लग्न लावून दिलं. आज दुकानातल्या त्या कप्प्यावर 'गुप्तविद्या' म्हणजे जे काही समजलं जातं, त्यावर ऑकल्टची ही सावली बरीच आहे.

आणि नुसता शब्दच नाही, कामाची पद्धतही तीच. ज्ञान हिमालयापलीकडच्या महात्म्यांकडे आहे, ते थोड्याच लोकांना पत्रं पाठवतात, ती पत्रं कधी उशीत सापडतात, कधी छतातून टपकतात. १८८० च्या अखेरीस बिऱ्हाड ब्रीच कँडीच्या 'क्रोज नेस्ट' बंगल्यात हललं आणि तिथे हे प्रकार वाढले. पत्रांचा मोठा भाग ए. पी. सिनेट या अलाहाबादच्या संपादकाला आलेला. तो आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. दयानंदांचं मात्र बिनसलं. मार्च १८८२ मध्ये त्यांनी मुंबईतच जाहीर व्याख्यान देऊन संबंध तोडला. त्या डिसेंबरात मंडळींनी मुंबई सोडली आणि मद्रासजवळ अड्यारला मुख्यालय नेलं. पुढे घरची माणसंच उलटली. कूलोम नावाचं जोडपं १८८० पासून बाईंकडे होतं. १८८४ मध्ये त्यांनी, हे चमत्कार कसे घडवले जायचे ते सांगतो म्हणून पत्रं छापायला दिली. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने माणूस पाठवून चौकशी केली आणि १८८५ मध्ये बाईंना ठग ठरवलं. शंभर वर्षांनी, १८८६ नव्हे तर १९८६ साली, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी तो अहवाल एकतर्फी होता असं लिहिलं. पत्रं खरी की खोटी हा वाद आजही चालू आहे. मला त्यात पडायचं नाही.

माझं लक्ष जातं ते दामोदर मावळंकर या पोराकडे. १८५७ चा जन्म, अहमदाबादच्या सुखवस्तू कऱ्हाडे ब्राह्मण घरातला. ऑगस्ट १८७९ मध्ये, बाविशीच्या आतच, तो गिरगावात येऊन सोसायटीत दाखल झाला. मासिकाच्या कचेरीचं सगळं काम अंगावर घेतलं, रात्र रात्र जागला. लहानपणीच झालेलं लग्न, वडिलोपार्जित वाटा, जात, सगळ्यावर पाणी सोडलं. आतल्या वर्तुळात जायचं एवढा एकच ध्यास. १८८५ च्या सुरुवातीला तो महात्म्यांना भेटायला दार्जिलिंगमार्गे तिबेटकडे निघाला. एप्रिलमध्ये सिक्कीममधून पुढे गेला. तो परत आला नाही. सत्तावीस वर्षांचा होता.

एखादी गोष्ट झाकलेली आहे एवढ्यानेच ती मौल्यवान वाटायला लागते, हा या दुसऱ्या तऱ्हेचा दोष. झाकणाच्या आत काय आहे ते तपासायची सोयच नसते. आणि त्याची किंमत झाकणारा देत नाही, शोधायला निघालेला देतो.

तिसरी तऱ्हा : छापून राखणं

बाई आणि कर्नल मद्रासला गेले, पण सोसायटीची मुंबईची शाखा राहिली. तिच्यात एक व्यापारी होते, तुकाराम तात्या पडवळ. त्यांना पहिल्यांदा या परदेशी जोडप्याचा संशयच आला होता, असं ऑल्कट लिहितो. पक्का मुंबईकर! बाजारात वावरलेला माणूस, माल हातात घेऊन बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.

या माणसाचा पूर्वेतिहास माहीत असायला हवा. १८६१ मध्ये 'जातिभेद विवेकसार' नावाचं पुस्तक निघालं. जातिभेदाला खुद्द जुन्या ग्रंथांमध्येच आधार नाही हे ते ग्रंथांचे दाखले देऊन सांगणारं पुस्तक. लेखक तुकाराम तात्या. पण पुस्तकावर नाव नव्हतं, 'एक हिंदू' एवढंच. म्हणजे दादोबांसारखंच यांनाही स्वतःला झाकूनच सुरुवात करावी लागली. १८६५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली ती जोतिराव फुल्यांनी. एका अर्थी इथेच त्यांचं पुढचं सगळं काम दिसतं. ग्रंथात काय लिहिलंय हे जोवर मूठभरांनाच वाचता येतं, तोवर ते सांगतील ते खरं. मग उपाय काय? ग्रंथच सगळ्यांच्या हातात द्या.

आणि त्यांनी तेच केलं. 'बॉम्बे थिऑसॉफिकल पब्लिकेशन फंड' उभा करून पुस्तकांचा सपाटा लावला. १८८९ मध्ये तुकाराम महाराजांची गाथा, आठ हजारांवर अभंगांची. १८९१ मध्ये बारा प्रमुख उपनिषदं इंग्रजी भाषांतरात. १८९३ मध्ये हठयोगप्रदीपिका, १८९५ मध्ये घेरंडसंहिता.

यातल्या प्रत्येक नावामागे एक झाकण आहे. 'उपनिषद' म्हणजे जवळ बसणे. गुरूच्या इतकं जवळ, की तो हळू आवाजात बोलला तरी ऐकू यावं. जुन्या ग्रंथांमध्ये उपनिषदांना 'रहस्य' असंही म्हटलंय. तेही 'रहस्' म्हणजे एकांत यावरून. एकांतात सांगायचं ते रहस्य. आता जवळ बसायचं म्हणजे आधी जवळ येऊ द्यायला हवं ना? बायकांना आणि शूद्रांना ती परवानगीच नव्हती. तुकाराम तात्या स्वतः जन्माने ब्राह्मण नव्हते. ज्या ग्रंथाजवळ त्यांच्या आजोबाला बसू दिलं नसतं, तो ग्रंथ त्यांनी छापून बाजारात विकायला ठेवला. हवं त्याने पैसे द्यावेत आणि घरी नेऊन खाटेवर लोळत वाचावं.

हठयोगप्रदीपिकेचं तर विचारूच नका. या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात बजावलंय की ही विद्या गुप्त ठेवावी. गुप्त राहिली तर तिच्यात जोर असतो, उघड केली की तो जातो. मूळ संस्कृतात शब्द 'गुप्त' हाच आहे. आणि तुकाराम तात्यांच्या फंडाने तोच ग्रंथ, ती सूचना न गाळता, भाषांतरासकट छापून टाकला! आज दादरच्या शिवाजी पार्कला सकाळी जी मंडळी कपालभाती करत असतात, त्यांना कुणी विचारत नाही की तुम्हाला दीक्षा कुणी दिली. योग गुहेतून बाहेर येऊन मैदानात चटईवर बसला, त्यात त्या काळच्या अशा छापील पुस्तकांचा वाटा आहे.

मग ग्रंथाची भीती खरी ठरली का? जोर गेला का? मला वाटतं या वाक्याकडे दोन तऱ्हांनी बघता येतं. एक, शिकवणाऱ्याशिवाय, नुसतं वाचून श्वास कोंडणाऱ्याला इजा होऊ शकते, म्हणून जपून द्या. हा गुप् चा अर्थ, आणि तो आजही बरोबर आहे. गुडघे दुखावून घेतलेल्या कुणालाही विचारा. दुसरं, आमच्याशिवाय कुणाला मिळूच नये. हा गुह् चा अर्थ. वाक्य एकच, पण पहिल्यात शिकणाऱ्याची काळजी आहे, दुसऱ्यात शिकवणाऱ्याच्या गादीची. शतकानुशतकं दुसरा अर्थ पहिल्याच्या आड लपून बसला.

कर्कहॉफ्सचं वर्ष

इथे आमच्या धंद्यातली एक तारीख सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८३. मंडळी मुंबई सोडून अड्यारला गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात, जानेवारीत, पॅरिसच्या एका लष्करी मासिकात ऑगस्ट कर्कहॉफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाचा सांकेतिक लिपीवर लेख आला. त्यात त्याने एक नियम सांगितला. तुमची सांकेतिक पद्धत शत्रूच्या हातात पडली तरी बिघडता कामा नये. गुपित फक्त किल्लीत असावं, कुलपाच्या रचनेत नाही.

आज तुम्ही नेटबँकिंग करता तेव्हा हाच नियम तुमचे पैसे राखतो. एईएस ही पद्धत जाहीर स्पर्धेतून निवडली गेली, जगभरच्या लोकांनी ती तोडायचा प्रयत्न केला आणि २००१ मध्ये ती अमेरिकी सरकारचं मानक झाली. तिची रचना कुणीही वाचू शकतो. याउलट मोबाइल फोनसाठीची ए५/१ ही पद्धत झाकून ठेवली होती. १९९९ मध्ये लोकांनी फोन उलगडून ती शोधून काढली, आणि आतली दुबळी बाजू सगळ्यांना दिसली. परमहंस सभेच्या दप्तरासारखंच. झाकण हीच राखण असली, की झाकण निघालं की सगळं गेलं.

आपल्या मराठीत यासाठी किती नेमका शब्द आहे बघा : गुरुकिल्ली. गुरूने किल्ली द्यावी. कुलूपच नाकारू नये!

आणि हे फक्त जुन्या काळाचं किंवा बँकांचं नाही. प्रत्येक ऑफिसात एक तरी असा सर्व्हर असतो, ज्याला फक्त एकाच माणसाला हात लावता येतो. तो रजेवर गेला की सगळ्यांचा रविवार गेला. कुठेही काही लिहून ठेवलेलं नसतं, विचारलं की 'ते जरा कॉम्प्लिकेटेड आहे' म्हणून हसतो. त्याला वाटतं आपण ज्ञान राखतोय. खरं म्हणजे तो झाकतोय. ले-ऑफच्या दिवसांत त्याला असं का वाटतं हेही समजतं. परमहंस सभेच्या लोकांसारखी त्यालाही भीती आहे. म्हणून त्याला नुसतं नावं ठेवून भागणार नाही. पण ते ज्ञान त्याच्याबरोबरच संपणार, हेही तितकंच खरं. चौपाटीजवळ फ्रेंच ब्रिजपाशी ब्लाव्हाट्स्की लॉजची इमारत आहे, प्रार्थना समाजाचा नाका आहे. तुकाराम तात्या १८९८ मध्ये गेले. त्यांचं नाव मात्र सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. पण त्यांनी छापलेली पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेटवर फुकट पडलीयत. पटकन एक डाउनलोड केलंत तर पहिल्या पानावर त्यांचं नाव दिसेल. यावेळी ते झाकलेलं नाही.

राहता राहिला आपला गुराखी. 'गुप्त' या शब्दाच्या मुळाशी तो उभा आहे हे कळल्यापासून मला एक साधी गोष्ट खटकत राहते. गाई राखणारा माणूस त्यांना गोठ्यात कोंडून, दाराला कुलूप लावून बसत नाही. तसं केलं तर चार दिवसांत गाई मरतील. तो त्यांना रोज सकाळी मोकळ्या रानात चरायला नेतो आणि लक्ष ठेवतो. त्यालाच राखणं म्हणतात.

असो. बराच वेळ झाला, कपडे मशीनमध्ये तसेच पडलेत. उद्या सोमवार!